विचारायचं कोणाला?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर तारकर्लीतलं माझं दोन खोल्यांचं न्याहारी-निवास एका बुकिंग कंपनीच्या यादीतून अचानक नाहीसं झालं. दारावरची पाटी जागेवर, अंगण सारवलेलं, गाद्यांना नवे अभ्रे घातलेले, आणि फोनवर मात्र आम्ही नव्हतोच. कंपनीला लिहिलं. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं, तेही मराठीत आणि अगदी गोड: तुमची गैरसोय आम्ही समजतो. कारण काय, तर ‘संशयास्पद व्यवहार’. कोणता? त्याचं उत्तर नाही. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच गोड वाक्य. सातव्या वेळी माझ्या डोक्यात प्रकाश पडला की पलीकडे माणूसच नाही. निर्णय घेणारंही यंत्र आणि त्या निर्णयाबद्दल दिलगिरी व्यक्त करणारंही यंत्र! एकोणीस दिवसांनी आमचं नाव जसं गेलं होतं तसंच परत आलं. तोवर सुट्टी संपली होती आणि बचत गटाच्या कर्जाचा हप्ता थकला होता.

माझ्या सासूबाईंनी उभं आयुष्य मालवणच्या बाजारात मासे विकले. गिऱ्हाईक असो, दलाल असो की पोलीस, भांडायला त्या कधी भ्यायल्या नाहीत. सगळी हकिकत ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, “मगे गो, विचारूचा कोणाक?”

हा एका घराचा प्रश्न असता तर मी या अंकाची जागा अडवली नसती. पण २०२५ साली आमचा सिंधुदुर्ग हा देशातला पहिला ‘एआय जिल्हा’ म्हणून जाहीर झाला. कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रणा आता आरोग्य, पोलीस, महसूल अशा सगळ्या खात्यांत येणार. म्हणजे ज्या खिडकीवर आपण बायका उभ्या राहतो, त्या प्रत्येक खिडकीच्या आड ती बसणार. मला यंत्राचं वावडं नाही. पण खिडकीपलीकडचा कारकून खेकसला तर त्याच्या साहेबाकडे जाता येतं. यंत्राचा साहेब कोण?

यावर मोठमोठ्या कंपन्यांचे प्रमुख एकच शब्द तोंडावर फेकतात: ‘जबाबदार एआय’. आम्ही जबाबदारीने वागू, आमच्याकडे नीतितत्त्वं आहेत, समित्या आहेत, विश्वास ठेवा. ठेवायचा? नोव्हेंबर २०२३ मध्ये ओपनएआय या कंपनीच्या संचालक मंडळाने प्रमुख सॅम ऑल्टमन यांना काढलं. पाच दिवसांत ते परत आले आणि मंडळावरच्या दोन्ही बायका बाहेर गेल्या. सुरुवातीच्या नव्या मंडळात तीनच माणसं, तिन्ही पुरुष. बायका पुन्हा आल्या त्या मार्च २०२४ मध्ये. गूगलमध्ये नीतीचंच काम करणाऱ्या टिमनिट गेब्रू यांना डिसेंबर २०२० मध्ये बाहेर पडावं लागलं. त्यांनी भाषेच्या महाकाय यंत्रांचे धोके दाखवणारा निबंध लिहिला होता, त्यावरूनच वाद झाला. आणि या जानेवारीत, २०२६ मध्ये, काय झालं? ग्रोक नावाचं यंत्र कोणाही बाईच्या साध्या फोटोवरचे कपडे उतरवून देत होतं. जगभर बोंब झाली, महाराष्ट्राच्या खासदार प्रियांका चतुर्वेदी यांनी केंद्राला पत्र लिहिलं, केंद्राने नोटीस काढली. कंपनीचं पहिलं पाऊल कोणतं? एक्सवर चित्रं बनवण्याची ती सोय फक्त पैसे भरणाऱ्यांपुरती ठेवायची! बाईच्या अब्रूला दरपत्रक लावलं, आणि तेही जबाबदारीच्या नावाखाली.

कोणी म्हणेल, या अमेरिकेतल्या गोष्टी, त्यांचा आमच्या किनाऱ्याशी काय संबंध? किनाऱ्याने तर हा धडा कधीच शिकून ठेवला आहे. इथे रापण लागते तेव्हा अख्खी वाडी दोर ओढते आणि मासळीची वाटणी सगळ्यांसमोर वाळूवर होते. मग पर्ससीन नौका आल्या, त्यांच्यापाठी एलईडीचे दिवे आले. एका रात्रीत समुद्र खरवडून न्यायची ताकद त्यांच्याकडे. तेव्हा आम्ही काय केलं? बड्या नौकामालकांना म्हटलं का, की दादांनो, तुम्ही जरा जबाबदारीने मासे धरा, आमचा तुमच्या नेतृत्वावर विश्वास आहे? मोर्चे काढले. आम्ही बायका टोपल्या उतरवून तहसीलवर जाऊन बसलो. १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा होताच. ५ फेब्रुवारी २०१६ चा पर्ससीनवर निर्बंध घालणारा आदेश आणि २०१७ ची एलईडी मासेमारीवरची बंदी, हे नौकामालकांच्या सद्‌विवेकातून उगवलेलं नाही. अंमलबजावणी आजही लंगडीच आहे, ते मान्य. पण निदान नियम दाखवून भांडता तरी येतं. जानेवारी २०२५ पासून किनाऱ्यावर ड्रोन फिरू लागले, त्याचंही मी स्वागतच करते. ड्रोन नौका टिपतो, पण दंड कायद्याने होतो आणि त्या दंडावर अपील असतं. यंत्र असं कायद्याच्या दाव्याला बांधलेलं असावं.

आता अंगणवाडीकडे या. १ जुलै २०२५ पासून घरी न्यायचा पोषण आहार घेताना चेहऱ्याची ओळख पटवणं सक्तीचं झालं. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई यांनी सेविकेच्या फोनपुढे उभं राहायचं, डोळे मिचकावायचे, यंत्राने ‘हो’ म्हटलं की आहार. रेंज नाही, फोन जुना, आधारवरचा फोटो लग्नाआधीचा, बाळंतपणानंतर चेहरा सुजलेला, तर काय? शिव्या सेविकेने खायच्या, जिला सरकार अजून कर्मचारीसुद्धा म्हणत नाही. सेविकांच्या संघटनांनी याविरुद्ध आवाज उठवला तो उगाच नाही. आणि हा आहार म्हणजे काही मेहेरबानी नव्हे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने दिलेला तो हक्क आहे. हक्क कायद्याने मिळाला आणि नकार यंत्राने दिला, तर तो नकार नोंदवायचा कुठे?

यंत्र चुकतं का, हे विचारणाऱ्यांसाठी एक आकडा देते. २०१८ साली जॉय बुओलाम्विनी आणि याच टिमनिट गेब्रू यांनी, चेहऱ्यावरून बाई की पुरुष ते सांगणारे तीन कंपन्यांचे प्रोग्रॅम तपासले. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के. सावळ्या-काळ्या बायकांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. ते प्रोग्रॅम पुढे सुधारले, पण कंपन्यांना आपण होऊन जाग आली म्हणून नव्हे. दोन काळ्या बायकांनी चूक चव्हाट्यावर मांडली म्हणून सुधारले.

चूक वेळीच पकडली नाही तर काय होतं ते नेदरलँडमध्ये दिसलं. पाळणाघराच्या अनुदानात फसवणूक केल्याचा ठपका हजारो कुटुंबांवर चुकीने बसला. संशयित निवडण्यात गणिती पद्धतीचा हात होता. त्यात परदेशी मुळाची माणसं होती, एकट्या आया होत्या. घरं कर्जात बुडाली आणि जानेवारी २०२१ मध्ये सरकारला राजीनामा द्यावा लागला. युरोपात निदान २०१८ पासून कायदा आहे: आयुष्यावर परिणाम करणारा निर्णय निव्वळ यंत्राने घेतला असेल तर माणसाकडून फेरविचार मागता येतो. आपल्या २०२३ च्या विदा संरक्षण कायद्यात तो हक्क नाही. उलट त्याच कायद्याने माहिती अधिकाराचं एक कलम बदललं आणि ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नकार देणं सोपं करून ठेवलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राची एआयबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यातली सात सूत्रं वाचा. ‘माणूस आधी’ हे एक सूत्र, आणि लगेच पुढचं, बंधनापेक्षा नवनिर्मिती बरी! वेगळा कायदा तूर्त नको, कंपन्यांनी स्वेच्छेने पाळावं. नौकामालकांनी स्वेच्छेने पाळावं, तसंच.

पुण्यात आयटीत असलेली माझी भाची म्हणते, आत्या, वरच्या खुर्च्यांवर बायका आल्या की बदलेल. याव्यात, जरूर याव्यात. पण सरपंचपदाच्या आरक्षणाने आपल्याला हेही शिकवलं आहे की खुर्चीवरच्या बाईच्या पाठीशी गावातल्या बायका नसतील तर सही तिची आणि कारभार दुसऱ्याचा. आणि थोडं आपल्याकडेही बघूया. याच कंपन्यांच्या पैशावर ‘महिला व एआय’ शिबिरं घ्यायला आपल्यातल्या काही संस्था हौसेने पुढे आल्या आहेत. बायकांना यंत्र वापरायला शिकवतात. यंत्राला जाब विचारायला शिकवणारं सत्र मला तरी एकाही कार्यक्रमपत्रिकेत दिसलं नाही.

आमच्या गटाने येत्या ग्रामसभेत ठराव मांडायचं ठरवलं आहे. गावात कोणत्या खात्याचं कोणतं यंत्र कोणासाठी निर्णय घेतं, त्याची यादी पंचायतीच्या फलकावर लागावी. यंत्राने नकार दिला तरी आहार, रेशन, पेन्शन त्या दिवशी मिळालंच पाहिजे, पडताळणी मागाहून. प्रत्येक नकाराचं कारण मराठीत, कागदावर, सही-शिक्क्यानिशी. आणि तालुक्याला एक अधिकारी, ज्याला यंत्राचा निर्णय फिरवण्याचा अधिकार असेल आणि ज्याचं नाव व फोन नंबर फलकावर असेल. ठरावाचा मसुदा तयार आहे. ज्या गटांना हवा असेल त्यांनी संपादकांकडे मागावा. तोवर आपापल्या गावात ज्या बाईला यंत्राने परत पाठवलं तिची तारीख, वेळ आणि जागा एका वहीत लिहून ठेवा. तहसीलदारांपुढे तीच वही ठेवायची आहे.