ट्रेलर घरी बनवा, पण तोलून-मापून



‘जीप ओढायला ट्रेलर घरीच बनवा’ हे पत्र वाचले. चॅनल, जुना ॲक्सल आणि हाताला सफाई असलेला वेल्डर जळगाव-धुळ्यात मिळतो, हे मान्य. पण पत्रलेखक मजबुतीवरच थांबले. खरा प्रश्न तोलाचा आहे. भार ॲक्सलच्या मागे गेला की ट्रेलर वेगात डोलू लागतो आणि पुढची गाडीही खेचतो. एकूण वजनाचा साधारण १० टक्के भार हुकवर हवा. लळिंग घाट उतरताना ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेत. रात्री दिवे, रिफ्लेक्टर हवेत. शिवाय १९८८च्या मोटार वाहन कायद्यानुसार ट्रेलर हेही मोटार वाहनच. म्हणून वेल्डिंगआधी आरटीओत चौकशी करावी; नोंदणी अडली तर खर्च पाण्यात.

– एक वाचक, धुळे