डबा आजारी आहे

ज्याचे बिऱ्हाड इंदुरात आणि गोत पुण्यात, त्या माणसाचे निम्मे आयुष्य आगगाडीच्या वेळापत्रकात गेले असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होऊ नये. आमचे पूर्वज होळकरांच्या पदरी चाकरीस आले ते सातपुडा आणि नर्मदा ओलांडून. त्यांना किती दिवस लागले याची नोंद घरात कोठे सापडत नाही. आम्हांस मात्र आमच्या प्रत्येक खेपेचे तास तोंडपाठ आहेत, आणि तेही वेळापत्रकातले नव्हेत, प्रत्यक्ष लागलेले.

इंदुरास आगगाडी यावी म्हणून दुसऱ्या तुकोजीराव महाराजांनी 1870 साली इंग्रज सरकारला एक कोट रुपये कर्जाऊ दिले होते, साडेचार टक्के व्याजाने आणि तब्बल 101 वर्षांच्या मुदतीने. त्या छोट्या लाईनीवर आमचे बालपण गेले. महू सुटले की पाताळपाणीची दरी, काळाकुंडाला पळसाच्या पानावरचा कलाकंद, नर्मदेच्या पुलावर वडिलांनी हातात ठेवलेले पाच पैशांचे नाणे, आणि खंडव्यास वळकटी व फिरकीचा तांब्या सांभाळीत मोठ्या लाईनीची धावपळ. ती लाईन रुंद करण्याचे काम निघाले आणि 2023 साली महूहून ओंकारेश्वर रोडकडे जाणारी उरलीसुरली गाडीही थांबली. आता इंदूरहून थेट पुण्यास जायचे तर रतलाम, बडोदे, सुरत, वसई अशी गुजरातची प्रदक्षिणा घालून जावे लागते. इंदूर ते मनमाड हा 309 किलोमीटरचा सरळ मार्ग केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2024 मध्ये मंजूर केला आहे; खर्च 18,036 कोटी रुपये. आमच्या नातवंडांचा प्रवास सुखाचा होईल, असे आम्ही धरून चाललो आहो.

तोवर आमचा सारा भरवसा एका फळीवर. शयनयानातील ती सहा फुटांची जागा म्हणजे मध्यमवर्गीय माणसाने एका रात्रीपुरते विकत घेतलेले घर होय. पूर्वी ती फळी खरोखरीच लाकडाची होती. राजापूरचे खासदार मधु दंडवते 1977 ते 1979 या काळात रेल्वेमंत्री होते. त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या त्या लाकडावर दोन इंचांची गादी आणली. (मराठी माणसाने दिल्लीत जाऊन काय केले, असे कोणी विचारल्यास आम्ही निःशंकपणे हे उत्तर देतो.) रात्री दहा ते सकाळी सहा हे निजण्याचे तास नियमाने ठरलेले आहेत. या आठ तासांत, आपल्या क्रमांकावर, आपल्यास कोणी उठवू नये, एवढेच काय ते मागणे.

2024 च्या डिसेंबरात आमच्या थोरल्या भगिनीची, अक्काची, पुण्यास शस्त्रक्रिया ठरली. वय 71. आईच्या माघारी आम्हांस तिनेच वाढविलेले. आदल्या दिवशी दुपारी निघताना आम्ही दूरध्वनीवरून सांगितले, "अक्का, गाडी सकाळी आठाला पोचते. तुझी वेळ अकराची. मी येतो आणि तुझा हात धरून तुला दारापर्यंत सोडतो." ती म्हणाली, "ये. तू आलास म्हणजे मी निर्धास्त आत जाईन." अशी वचने माणूस कशाच्या जोरावर देतो? खिशातील तिकिटाच्या. त्यावर डब्याचा क्रमांक होता, फळीचा क्रमांक होता, आणि पोचण्याची वेळही छापलेली होती.

गाडीचे नाव आम्ही लिहीत नाही, आणि ज्या जंक्शनावर हे घडले त्याचेही नाही. मुद्दा एका गाडीचा वा एका ठाण्याचा नाहीच. दशम्या, लसणाची चटणी आणि रतलामी शेव असे जेवण आटोपून आम्ही उभयता दहाच्या सुमारास आडवे झालो. रात्री केव्हा तरी जाग आली ती धक्क्याने नव्हे, तर निःशब्दतेने. गाडी उभी होती. असे उभे राहणे प्रवाशास सवयीचे असते, म्हणून आम्ही कूस बदलली. मग खाली विजेऱ्यांचे झोत फिरू लागले, चाकांवर हातोड्याचे ठोके पडू लागले, आणि जळक्या तेलाचा वास खिडकीतून आत आला. सौ. म्हणाल्या, "अहो, काहीतरी झाले आहे." आम्ही मुख्याध्यापकी शांतपणाने उत्तरलो, "काही असेल तर सांगतील."

कोणी सांगितले नाही. पाऊण तास लोटला. शेवटी एक हमाल डोकावून म्हणाला, "उठो, उठो, खाली करो. डिब्बा सिक हो गया."

रेल्वेच्या परिभाषेत नादुरुस्त डबा 'सिक' होतो, आणि ज्या रुळावर तो औषधपाण्यासाठी नेऊन उभा करतात ती 'सिक लाईन'. आमच्या डब्याच्या एका आसाला ताप चढला होता. आसाच्या टोकाशी असलेले धारवे तापले की चाक निखळण्याची धास्ती असते. तेव्हा डबा तोडला हे योग्यच केले. येथे आमची तक्रार मुळीच नाही, उलट हातोड्याच्या आवाजावरून दोष ओळखणाऱ्या त्या माणसांचे उपकारच मानावयास हवेत. तक्रार आहे ती पुढची. रात्री दोन वाजता बहात्तर फळ्यांवरची माणसे, म्हातारीकोतारी आणि कडेवरची पोरे, थंडीत फलाटावर उभी राहिली. आणि आता कोठे बसावयाचे, दुसरा डबा जोडणार की नाही, गाडी किती वेळ थांबणार, हे सांगणारे कोणी नव्हते. तिकीट तपासनीस दिसेनात. ध्वनिक्षेपकावरची बाई मात्र कोणत्या तरी भलत्याच गाडीच्या आगमनाची वार्ता तीन भाषांत गोड आवाजात देत होती. तासाभराने कळले की दुसरा डबा नाही. मिळेल तेथे सामावून घ्या.

सामावून कोण घेणार? शेजारच्या डब्यात शिरलो तेव्हा खालच्या फळीवरील एका सद्‌गृहस्थांनी आम्हांस पाहिले आणि चादर डोक्यावरून ओढून घेतली. आम्हांस राग आला, पण तो फार वेळ टिकला नाही; कारण ती चादर आमच्या परिचयाची होती. काही वर्षांपूर्वी याच मार्गावर एक वृद्ध गृहस्थ आमच्या पायांशी उभे होते. प्रतीक्षा-यादीतले असावेत. आमचे आरक्षण पक्के होते, दुसऱ्या दिवशी कार्य होते, आणि नियम आमच्या बाजूने होता. आम्ही अगदी अशीच चादर ओढून घेतली होती. शाळेत प्रार्थनेनंतर मुलांना आम्ही जे सांगतो ते त्या रात्री आम्हांस आठवले नव्हते, असे नाही. आठवले होते.

अखेर भुसावळकडील एका बाईंनी आपले पाय आखडून घेतले आणि सौ.ना म्हणाल्या, "या ताई, टेका इथं." आम्ही हात धुण्याच्या भांड्याशेजारी, कोणाच्या तरी पत्र्याच्या पेटीवर बसलो. दार नीट लागत नव्हते. वारा सुरीसारखा आत येत होता. शेजारी एक तरुण आई चार महिन्यांचे मूल पदराखाली घेऊन भिंतीला टेकली होती, आणि तिचा नवरा दार पाठीने रेटून उभा होता. तो तसा उजाडेपर्यंत उभा राहिला.

एकदा वेळ चुकलेल्या गाडीची गत परीक्षेत एक वर्ष मागे पडलेल्या मुलासारखी होते. पुढे प्रत्येक जण तिला बाजूस उभी करून आपण पुढे जातो. आठ वाजता आम्ही पुण्यात असावयाचे, ते गुजरातेतील शेतांत कापसाची बोंडे मोजीत होतो. नऊला भाच्याचा दूरध्वनी आला. "मामा, कुठवर आलात? आई विचारतेय." काय सांगणार? गाडीत कोणासच ठाऊक नव्हते. सव्वादहाला पुन्हा आला. साडेदहाला अक्का स्वतः बोलली. "येतोस ना?" आम्ही म्हटले, "येतो आहे, तू हो पुढे." पलीकडे ती क्षणभर गप्प राहिली, मग म्हणाली, "बरं." त्यानंतर आम्ही कल्याणच्या अलीकडे लोकल गाड्यांना वाट देत चाळीस मिनिटे, आणि कर्जतला घाट चढविणारी इंजिने मागे लागेपर्यंत आणखी काही वेळ उभे होतो. फलाटावर वडे चांगले मिळतात. त्या दिवशी घेतले नाहीत.

वाचकहो, विलंबाचे दुःख आम्ही सोसू शकतो. आपल्या देशातील माणसास ते नवे नाही. पण शाळेत एखादा शिक्षक आला नाही, तर मुख्याध्यापकाने वर्गात जाऊन "आज गुरुजी येणार नाहीत, गणिताची वही काढा" असे सांगावे लागते. एवढे सांगितले तर चाळीस मुले स्वस्थ बसतात. न सांगितले तर दहाव्या मिनिटाला वर्गाचा बाजार होतो, आणि मग दोष मुलांस दिला जातो. आम्हांस जंक्शनावर कोणी सांगितले असते की तुमची गाडी सात तास मागे पडेल, तर आम्ही तेथल्या तेथे उतरून मोटारीची काही व्यवस्था पाहिली असती. न पोचतो तर निदान अक्कास रात्रीच सांगितले असते, आणि तिने सकाळभर दाराकडे पाहिले नसते.

गाडी सुटतानाच तीन तासांहून अधिक उशीर असेल आणि आपण प्रवास केला नाही, तर पूर्ण पैसे परत मागता येतात. वाटेत झालेल्या विलंबास असा सोपा नियम नाही. जम्मूकडे जाणारी एक गाडी चार तास उशिरा पोचली आणि एका कुटुंबाचे श्रीनगरचे विमान चुकले. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 2021 साली न्यायालयाने म्हटले की विलंबाचे कारण आपल्या हाताबाहेरचे होते हे रेल्वेने सिद्ध केले नाही, तर भरपाई द्यावी लागेल. पैशांचे आम्ही बाजूस ठेवतो. आम्हांस त्यातील 'कारण' हा शब्द मोलाचा वाटला. ते न्यायालयात द्यावयाचे तर फलाटावर का देऊ नये?

पुण्यास पोचलो तेव्हा साडेतीन वाजले होते. रुग्णालयात गेलो. शस्त्रक्रिया नीट पार पडली होती. अक्का गुंगीत होती. भाचा म्हणाला, "आत नेताना तिने दोनदा मागे वळून पाहिलं, मामा." तो हे सहज बोलला. सौ. बाहेरच्या बाकावर बसल्या आणि बसल्या बसल्या झोपी गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काने डोळे उघडले. आमचा हात हातात घेऊन विचारले, "किती वाजता पोचलास रे?"

"थोडा उशीर झाला," आम्ही म्हणालो.

"जागा तरी नीट मिळाली होती ना झोपायला?"

आम्ही मान हलविली. परतीची तिकिटे भाच्याने त्याच दिवशी काढली. प्रतीक्षा-यादीत आमचे क्रमांक 19 आणि 20 लागले. अक्कास ते कळले तेव्हा ती म्हणाली, "बरं झालं. राहा मग चार दिवस."