मग मला दाखविला का नाही?



काही वर्षांपूर्वी उज्जयिनीहून परतताना देवास गेटच्या बसस्थानकावर गाडीची वाट पाहत बसलो होतो. शेजारी माळव्यातील एक वृद्ध बाई गाठोड्याला टेकून बसली होती. गळ्यात मोठा कॅमेरा घातलेला एक तरुण आला, तिच्यासमोर गुडघा टेकून बसला, तिच्या सुरकुतलेल्या मुखावर उन्हाची तिरीप येईपर्यंत थांबला, कळ दाबली आणि समाधानाने हसत स्टेशनच्या बाजूस निघून गेला. बाईने मला विचारले, "त्याने काय घेतले?" मी म्हणालो, "तुमचा फोटो." क्षणभर थांबून ती म्हणाली, "मग मला दाखविला का नाही?"

मला उत्तर सुचले नाही. त्या तरुणास हाक मारून थांबविणे मला शक्य होते, ते मी केले नाही, ही टोचणी आजही आहे.

असे फोटो पुष्कळदा स्पर्धात्मक प्रदर्शनांत जातात. ही प्रथा आपल्याकडे जुनी आहे. मुंबईत 1854 साली छायाचित्रकारांची संस्था निघाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिचे सभासद होते. इकडे माळव्यात लाला दीनदयाळ यांची कीर्ती इंदुरातूनच पसरली. आजच्या प्रदर्शनांत बहुधा तीन वा अधिक परीक्षक असतात. चित्र कोणाचे हे त्यांना कळू देत नाहीत. छायाप्रकाश, मांडणी, नेमका साधलेला क्षण यांना ते गुण देतात. पक्षपात टळावा म्हणून ही व्यवस्था योग्यच आहे. परंतु एक गोष्ट त्या परीक्षकांना चित्रात दिसूच शकत नाही: समोरच्या माणसाला विचारले होते काय?

जगातील अतिप्रसिद्ध छायाचित्रांचीही हीच कथा आहे. 1936 साली अमेरिकेत डोरोथिया लँग या बाईंनी मटार काढणाऱ्या मजुरांच्या तळावर एका भुकेल्या आईचा फोटो काढला. तो वर्तमानपत्रांत येताच सरकारने तळावर अन्न धाडले, हे त्या चित्राचे पुण्य. पण ती माता लेकरांसह तोवर पुढे निघून गेली होती. फ्लॉरेन्स थॉम्प्सन हे तिचे नाव जगाला 1978 साली कळले. आपले नाव विचारले नाही, प्रत पाठविण्याचे वचन दिले ते पाळले नाही, अशी तिची तक्रार होती. 1984 साली पेशावरजवळच्या निर्वासितांच्या छावणीत स्टीव्ह मॅकरी यांनी टिपलेली हिरव्या डोळ्यांची अफगाण मुलगी पुढील वर्षी मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकली. शरबत गुला हिने स्वतःचे ते चित्र प्रथम पाहिले 2002 साली!

आता कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. आपल्या गावच्या सणाला, भातकापणीला, मासळीबाजारात आपली मुले फोटो काढतात, स्पर्धांना पाठवितात. त्यांचा उत्साह मोडू नका. केवळ तीन गोष्टी त्यांना शिकवा: आधी विचारावे, विचारल्याने क्षण निसटत असेल, तर काढल्यावर लगेच दाखवावे व परवानगी घ्यावी, आणि एक प्रत घरपोच द्यावी. ‘नको’ म्हटल्यास चित्र तेथेच पुसून टाकावे, ते कितीही सुंदर असो. गावात स्पर्धा भरविणाऱ्या मंडळांनीही प्रवेशपत्रावर या संमतीसाठी एक ओळ ठेवावी, आणि उद्घाटनाच्या दिवशी चित्रातील माणसांना सन्मानाने बोलवावे.

माझी बस आली तेव्हा ती बाई तेथेच बसली होती. तिचे नाव मीही विचारले नव्हते.