मुलाखत

मुलाखत म्हणजे पुढाऱ्यांची नि नटांची, अशी आपली समजूत. कामतघरच्या आमच्या शेजारच्या मावशींमुळे दुसरा अर्थ कळला. यंत्रमागावर राबणारा त्यांचा मुलगा कच्चा कैदी आहे. परवा त्यांच्यासोबत कारागृहात गेलो. रांगेत सकाळ गेली, भेट काही मिनिटांची. मावशींनी एवढेच विचारले, ‘‘जेवतोस ना रे?’’

२०२२ साली देशातील चार कैद्यांपैकी तिघे कच्चेच होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७९ सांगते, की फाशी-जन्मठेपेचे गुन्हे वगळता, पूर्वी शिक्षा न झालेल्या, एकाच खटल्यातील आरोपीने कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश काळ आत काढला, तर त्याला बंधपत्रावर सोडावे. तसा अर्ज अधीक्षकांनीच न्यायालयात करायचा असतो.

परतताना वऱ्हाळा तलावाशी हे मावशींना सांगितले. त्या म्हणाल्या, ‘‘मग हे तिथं भिंतीवर का लिहीत नाहीत?’’