डोक्याला लावायचं यंत्र

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. कारण घरचंच आहे.

परवा यांना किसणी हवी होती. "ते... खोबरं... घासायचं," एवढंच म्हणाले आणि हातानं करून दाखवलं. सुरुवातीला वयाचा विसराळूपणा म्हणून आम्ही हसण्यावारी नेलं. पण हे विसरत काहीच नाहीत! बँकेचा हिशोब चोख, रस्ते पाठ. फक्त शब्द सापडत नाहीत. शेवटी डॉक्टरांनी नाव सांगितलं, प्रायमरी प्रोग्रेसिव्ह अफेजिया. अमेरिकेतल्या डॉ. मार्सेल मेसुलम यांनी १९८२ साली अशा सहा रुग्णांची हकिगत लिहिली, तेव्हापासून हा आजार वेगळा ओळखला जाऊ लागला. पक्षाघातात वाचा एकदम जाते आणि पुष्कळदा थोडीफार परत येते. ही मात्र हळूहळू जाते, आणि तिला थांबवणारं औषध अजून नाही.

धाकट्याचा अमेरिकेहून फोन आला. "आई, डोक्याला लावायचं यंत्र मिळतं. घरच्या घरी करता येतं. मागवू का?"

यंत्राचं नाव टीडीसीएस. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज डोक्याला लावायचे, त्यांतून एक ते दोन मिलिअँपियरचा प्रवाह साधारण वीस मिनिटं सोडायचा आणि त्याच वेळी स्पीच थेरपीचा सराव करायचा. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी ३६ रुग्णांवर केलेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. शब्द लिहिण्याच्या सरावाबरोबर खरा प्रवाह आणि लुटुपुटीचा प्रवाह यांची त्यात तुलना होती. खऱ्या प्रवाहाचा फायदा जास्त दिसला, न शिकवलेल्या शब्दांतसुद्धा, आणि तो दोन महिन्यांनीही टिकून होता. मात्र ज्या प्रकारात शब्दांचा अर्थच पुसट होत जातो, त्यात तसा फायदा दिसला नाही.

म्हणजे लेकाचं म्हणणं खोटं नाही. तरी मी "नको" म्हटलं. का, ते सांगते.

एक तर हा प्रवाह स्वतः काही शिकवत नाही. तो मेंदूच्या पेशींना जरा तयारीत आणतो, एवढंच. शाळेत घंटा झाली म्हणजे तास झाला असं थोडंच असतं? पुढे शिकवावं लागतंच!

दुसरं, स्पंज कुठे लावायचा, किती वेळ, कुणाला, हे आजाराच्या प्रकारावर ठरतं. प्रवाह स्पंजाखालीच थांबत नाही, आजूबाजूलाही पसरतो. एक क्षमता सुधारताना दुसरी बिघडू शकते, असा इशारा मेंदूच्या संशोधकांनीच २०१६ साली खुलं पत्र लिहून दिला होता. ते पत्र आपल्या मनानं हे प्रयोग करणाऱ्यांसाठी होतं. अभ्यासात 'घरी' म्हणतात तेव्हा व्हिडिओवर जाणकार माणूस बघत असतो आणि मात्रा त्यांनी ठरवलेली असते. 'घरी' म्हणजे 'आपल्या मनानं' नव्हे.

तोवर आम्ही काय करतो? थेरपिस्ट बाईंनी यांनाच विचारलं, कोणते शब्द हवेत? यांनी निवडले : किसणी, चावी, कुकर, आणि दोन्ही नातवंडांची नावं. रोज सकाळी चहानंतर वही उघडतो. पहिल्या आठवड्यात माझ्यातली मास्तरीण जागी झाली. यांनी 'किणसी' लिहिलं, मी लगेच खोडलं. हे पेन्सिल ठेवून गॅलरीत जाऊन बसले, दिवसभर बोलले नाहीत. चाळीस वर्षं मुलांना शिकवलं, पण थांबायला मी या वयात शिकते आहे. आता शब्द येईपर्यंत मनात वीस आकडे मोजते. कधी येतो, कधी नाही.

लेकाला सांगितलं, "यंत्राचं न्यूरॉलॉजिस्टना विचारू. देखरेखीखाली करणार असतील तर आम्ही एका पायावर तयार. पण आधी तू रोज दहा मिनिटं बाबांशी व्हिडिओवर बस." तो जरा गप्प झाला. यंत्र पाठवणं त्याला सोपं होतं, हे मलाही कळतं. बाबांना शब्द शोधताना बघणं सोपं नाही.

पण हे शब्द आहेत तोवरच ऐकायचे आहेत. रविवारी तो बसला. नातवाचं नाव यांनी तिसऱ्या खेपेला बरोबर घेतलं.

असो. कुणाच्या घरी असा अनुभव असेल तर जरूर कळवा.