मुलींची लस आणि स्वीडनचा तो लेख



शाळा सुरू झाल्या की आपल्या महिला गटात एक प्रश्न हमखास येतो. मुलीला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची, म्हणजे एचपीव्हीची, लस द्यावी का? विचारणारी आई खरेच गोंधळलेली असते. उत्तरे देणारे दहाजण असतात आणि त्यांतला कुणीतरी एक जुना निरोप पुढे ढकलतो : स्वीडनच्या शास्त्रज्ञाने सिद्ध केले आहे की या लसीनंतर हाच कर्करोग वाढला, आणि भारतात लसीच्या प्रयोगात सात मुली दगावल्या. खाली हात जोडल्याचे चित्र. काम संपले.

वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नियतकालिके लावण्यात माझी बरीच वर्षे गेली. त्यामुळे असला निरोप आला की मी आधी पाहते, हे छापले कुठे, लिहिले कोणी आणि पुढे त्याचे झाले काय. या निरोपातल्या दोन्ही वाक्यांमागे काहीतरी खरेच घडलेले आहे. म्हणून तर तो इतकी वर्षे टिकून आहे.

आधी स्वीडन. एप्रिल २०१८ मध्ये मुंबईहून निघणाऱ्या ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’मध्ये हा लेख ऑनलाइन आला. लेखकाचे नाव लार्स अँडरसन, पत्ता स्टॉकहोमच्या नामांकित कॅरोलिन्स्का संस्थेचा. स्वीडनमध्ये काही वर्षांत या कर्करोगाचे प्रमाण वाढले आहे आणि त्याचा लसीशी संबंध असण्याची शक्यता आहे, असे त्याचे म्हणणे. ‘शक्यता’ हा शब्द शीर्षकातच होता. फोनवर फिरताना त्याचे ‘सिद्ध झाले’ झाले.

कॅरोलिन्स्का संस्थेने कळवले, की या नावाचे आमच्याकडे कोणी नाही. मग लेखकाने नाव टोपण असल्याचे संपादकांना सांगितले. संपादकांनी आधी संस्थेचा पत्ता काढून, टोपणनावाची नोंद करून लेख तसाच ठेवला. टीका वाढल्यावर मे महिन्यात तो मागे घेतला. लेख मागे घेतला म्हणजे तो जगातून नाहीसा होत नाही. नियतकालिकाच्या प्रतीवर तसा शिक्का पडतो, पण तोवर कुणी उतरवून घेतलेल्या प्रतीवर, स्क्रीनशॉटवर तो कसा पडणार? आपल्याकडे येते ती शिक्का नसलेली प्रत.

खोटे नाव एक वेळ बाजूला ठेवू. माझ्या मते लेखातली खरी उणीव दुसरीच होती. देशातले एकूण आकडे आणि लसीकरणाचा काळ शेजारी शेजारी ठेवून अंदाज बांधला होता. कर्करोग झालेल्या कोणत्या बाईने लस घेतली होती आणि कोणत्या बाईने नाही, हे जोडून पाहिलेलेच नव्हते. बडोद्यात ज्या वर्षांत पिझ्झाची दुकाने वाढली त्याच वर्षांत चष्मेवाली मुलेही वाढली असतील. म्हणून पिझ्झ्याने नंबर लागला असे आपण म्हणत नाही.

ते जोडून पाहण्याचे काम पुढे झाले, आणि तेही स्वीडनमध्येच. तिथे प्रत्येक नागरिकाला क्रमांक असतो, लसीची नोंद असते, कर्करोगाचीही असते. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ऑक्टोबर २०२० मध्ये आलेल्या अभ्यासात सुमारे १६ लाख ७० हजार मुली आणि तरुणी होत्या. लस घेतलेल्या सुमारे ५ लाख २८ हजारांत १९ जणींना हा कर्करोग झाला, न घेतलेल्या सुमारे साडेअकरा लाखांत ५३८ जणींना. वय वगैरे बाबी हिशेबात धरल्यावर, सतरा वर्षांच्या आत लस घेतलेल्यांत प्रमाण ८८ टक्क्यांनी कमी निघाले. लिहिणारे नावानिशी पुढे आलेले होते, संस्था तीच कॅरोलिन्स्का. हा लेख मात्र आपल्या कुठल्याही गटात हात जोडून आलेला मी पाहिला नाही.

आता दुसरे वाक्य. ते परक्या देशाचे नाही, आपल्या दाराशी घडले आहे. २००९ मध्ये ‘पाथ’ या अमेरिकी संस्थेने आयसीएमआर आणि राज्य सरकारांबरोबर, गेट्स फाउंडेशनच्या पैशातून, त्या वेळच्या आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात आणि आपल्या वडोदरा जिल्ह्यात डभोई, शिनोर, कवांट या तालुक्यांत १० ते १४ वर्षांच्या मुलींना ही लस दिली. दोन्हीकडे मिळून वीस हजारांवर मुली. त्यांतल्या सातजणी पुढे दगावल्या आणि एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवला गेला. चौकशीत निघाले ते असे : एक दगडखाणीच्या पाण्यात बुडाली, एकीला साप चावला, दोघींनी कीटकनाशक घेतले, एक मलेरियाने गेली. उरलेल्या दोघींच्या मृत्यूचा लसीशी संबंध असणे संभवत नाही, असे मत दिले गेले. निरोपात यातले काहीच नसते. नुसता ‘सात’ हा आकडा असतो.

पण चौकशीत आणखीही काही निघाले, आणि ते लसीच्या बाजूने बोलणारे अनेकजण गाळतात. संमती नीट घेतलेली नव्हती. खम्ममकडे कितीतरी अर्जांवर आईवडिलांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. गुजरातेत तपासलेल्या ६,२१७ अर्जांपैकी ३,९४४ वर अंगठे होते. अंगठा उठवणाऱ्याला कागदावरचे किती समजावून सांगितले, कोण जाणे! संसदीय समितीने २०१३ मध्ये यावर कडक ताशेरे ओढले, आणि ते योग्यच होते. गरीब आदिवासी मुलींच्या बाबतीत हे असे सहज उरकले जाते, याची चीड यायलाच हवी. ती चीड खरी असल्यामुळे तिच्या आधाराने लसीने मृत्यू झाल्याचा खोटा भागही चालून जातो. संमतीचा मुद्दा आपण मोकळेपणाने मान्य केला, तर गटातल्या शंकेखोर काकांशी बोलणे बरेच सोपे जाते, हा माझा अनुभव.

भारतात या कर्करोगाने २०२२ या एका वर्षात सुमारे ८० हजार बायका गेल्या, असा जागतिक कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. या रोगावर लस आहे, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने देशी लसही काढली आहे, आणि लहान मुलींना एक किंवा दोन मात्रा चालतील असे जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२२ पासून म्हटले आहे. लस घेतली तरी तिशीनंतरची तपासणी सुटत नाही, हे आयांनी स्वतःसाठीही लक्षात ठेवावे. आपण मुलींच्या लसीवर तासभर वाद घालतो आणि स्वतःची तपासणी पुढच्या दिवाळीवर टाकतो!

बालरोगतज्ज्ञांकडे जाताना शंकांची चिठ्ठी करून न्या. किती मात्रा, दुखणे-ताप किती दिवस, पूर्वी कशाची ॲलर्जी असेल तर काय, सारे विचारा. हा स्वीडनचा निरोपही दाखवा, डॉक्टर रागावणार नाहीत. आणि मुलीला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवू नका. सुई तिला टोचली जाणार आहे, तर तिलाही आत घेऊन सगळे तिच्यासमोर विचारा.