पाय दिसतात, मूत्राशय दिसत नाही

सुरतेतील मराठी घरात संक्रांतीला तिळगूळ होतो आणि उंधियूही येतो. हळदीकुंकू संध्याकाळी असते. सकाळपासून सारे घर मात्र गच्चीवर असते. उत्तरायणाच्या त्या दोन दिवसांत, म्हणजे १४ आणि १५ जानेवारीला, माझी नजर पतंगाकडे जात नाही, कठड्याकडे जाते. मांज्याने गळा कापल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत ठळकपणे येतात. गच्चीवरून पडलेले मूल पुढे कसे जगते, हे कोणी छापत नाही. आज त्याविषयीच लिहावयाचे आहे, आणि त्यात माझ्या एका चुकीची कबुलीही आहे.

वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. उधन्यातील एका बिनकठड्याच्या स्लॅबवरून सात वर्षांचा एक मुलगा कापलेल्या पतंगामागे धावताना खाली पडला. वडील यंत्रमागावर कामाला, गाव धुळे जिल्ह्यातले. शेजाऱ्यांनी मुलाला काखेत आणि पायांना धरून उचलले, मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसविले आणि दवाखान्यात नेले. एक्स-रेत कुठेही हाड मोडलेले दिसले नाही, तेव्हा साऱ्यांना हायसे वाटले. पाय मात्र हलत नव्हते.

लहान मुलांत अशी फसगत होऊ शकते. त्यांचे डोके शरीराच्या मानाने मोठे, कण्याचे अस्थिबंध सैल. तान्ह्या बाळाचा कणा पाचएक सेंटिमीटर ताणला गेला तरी तुटत नाही. आतला मज्जारज्जू अर्ध्या-पाऊण सेंटिमीटरच्या ताणानेच तुटतो. हाडे शाबूत आणि रज्जू निकामी, अशा मुलांचे वर्णन पँग आणि विल्बर्जर यांनी १९८२ मध्ये केले. आज सुरतेत एमआरआय सहज होतो, त्यामुळे एक्स-रेच्या भरवशावर राहण्याचे कारण उरलेले नाही. पडलेले मूल ‘हातापायांतून करंट गेला’ असे म्हणाले आणि मग खेळू लागले, तरी त्याला घरी पाठवू नये. लुळेपणा काही तासांनी, कधी दोन-तीन दिवसांनीही येतो. आणि उचलण्याची घाई तर मुळीच करू नये. गुजरातेत १०८ ची सेवा २००७ पासून आहे. ती येईपर्यंत मान आणि पाठ न हलविता मुलाला आहे तसे पडू द्यावे. शेजाऱ्यांची माया मोठी असते, पण काखेत धरून उचललेले मूल पाहिले की माझ्या पोटात गोळा येतो.

तो मुलगा रुग्णालयातून सुटल्यावर तपासणीसाठी माझ्याकडे येऊ लागला. मी दर खेपेस त्याच्या पायांची ताकद पाहत असे, गुडघ्यावर हातोडी मारत असे, कॅलिपर लिहून देत असे, मालिश आणि व्यायाम यांविषयी सांगत असे. त्याची आई एकदा म्हणाली, “साहेब, ह्याची चड्डी दिवसभर ओलीच असते.” मी म्हणालो, “होईल हळूहळू.” वडिलांचा प्रश्न नेहमी एकच असे : चालेल ना? माझाही मनातला प्रश्न तोच होता. तीन वर्षांनी ताप आणि उलट्या घेऊन तो आला. चेहरा पांढराफटक, रक्तदाब चढलेला. सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडे फुगून गेलेली. पुढे दीड वर्षात तो गेला. तो पायांनी गेला नाही.

मी असा का वागलो, याचा विचार मी पुष्कळ केला आहे. माझ्या पिढीच्या बालरोगतज्ज्ञांना पोलिओने घडविले. लुळा पाय म्हणजे पोलिओ, हे समीकरण आमच्या हाडीमासी खिळलेले होते. पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतील स्नायू हलविणाऱ्या पेशी मारतो; संवेदना शाबूत राहते, आणि लघवी-शौचावरचा ताबा बहुधा टिकतो. म्हणून तिथे सारा प्रश्न खरोखरच चालण्याचा होता. कॅलिपर, शस्त्रक्रिया, कुबड्या यांनी मूल उभे राहिले की डॉक्टरांचे काम झाले. भारतातील शेवटचा नैसर्गिक पोलिओ रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये आपल्याला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. रोग गेला, पण पायांकडेच पाहण्याची सवय डॉक्टरांत राहिली आणि समाजातही राहिली.

कण्याच्या इजेत गणित निराळे असते. मज्जारज्जूतून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या निघतात. मानेतील तिसरी ते पाचवी जोडी श्वासपटल चालविते. त्याच्या वर इजा झाली तर श्वासच थांबतो. त्रिकास्थीच्या दुसऱ्या ते चौथ्या जोडीकडे मूत्राशय आणि गुदद्वार यांचा कारभार असतो. त्या सर्वांत खालच्या टोकाला असल्यामुळे वर कुठेही रज्जू तुटला तरी मेंदूचा हुकूम त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. सुरुवातीचे काही आठवडे मूत्राशय निपचित पडते, लघवी तुंबते. नंतर ते आपल्या मनाने आकुंचन पावू लागते आणि नेमकी त्याच वेळी खालची झडपही आवळली जाते. सोसायटीतला पंप चालू आणि व्हॉल्व बंद, अशी ही अवस्था. पाणी उलटे फिरते आणि मूत्रपिंडावर दाब येतो. बाहेर दिसते ती फक्त ओली चड्डी. आईला वाटते, लघवी होते आहे. ती साठलेली लघवी ओसंडत असते. इजा छातीच्या सहाव्या पातळीवर किंवा तिच्या वर असेल तर भरलेल्या मूत्राशयाने रक्तदाब एकाएकी चढतो, डोके ठणकते, चेहरा लाल होतो. अशा वेळी रक्तदाबाची गोळी शोधण्याआधी मूत्राशय रिकामे करावे.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी असे रुग्ण बहुधा जगत नसत. इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे लुडविग गुटमन यांनी १९४४ मध्ये विभाग सुरू केला आणि रुग्णांना दर दोन तासांनी कुशीवर वळवून त्वचा सांभाळण्याचा, मूत्रमार्ग जंतुमुक्त ठेवण्याचा आग्रह धरला. माणसे जगू लागली, तेव्हा ती खेळूही लागली. आपल्या सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांना १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कण्याला इजा झाली. १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथे त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक मिळविले. २०२४ च्या चित्रपटामुळे हे नाव घरोघरी पोहोचले. पदकाला आपण टाळ्या वाजवितो, ते योग्यच आहे. पण कण्याचा कोणताही रुग्ण पाण्यात उतरण्याआधी कोणीतरी त्याची पाठ आणि त्याचे मूत्राशय रोज सांभाळलेले असते. त्याविषयी बोलणे आपल्याला अशिष्ट वाटते.

उपाय मात्र फारसा अवघड नाही. १९७२ मध्येच अमेरिकेतील लॅपिडिस यांनी दाखवून दिले की दिवसातून ठरावीक वेळी, स्वच्छ धुतलेल्या हातांनी, बारीक नळी घालून मूत्राशय रिकामे करता येते; त्यासाठी ऑपरेशन थिएटरचे निर्जंतुकीकरण लागत नाही. मुलांत हे साधारण दर तीन-चार तासांनी करावे लागते. सहा-सात वर्षांचे समंजस मूल हे स्वतः शिकू शकते. तरी मी सांगू लागलो की घरातले पुरुष खाली पाहतात, आजी म्हणते, “रोज नळी? नको रे बाबा,” आणि मूल गावी मालिशवाल्याकडे रवाना होते. अजून दुःखाची गोष्ट म्हणजे आपल्यापैकी काही डॉक्टरही अशा मुलाच्या कागदावर पायांची ताकद आकड्यांत लिहितात, आणि मूत्राशयासाठी एक ओळही लिहीत नाहीत. कण्याची इजा झालेल्या प्रत्येक मुलाची सोनोग्राफी, क्रिएटिनिन आणि लघवी झाल्यावर आत किती उरते याची मोजणी नियमाने झाली पाहिजे, हे माझे आग्रहाचे मत आहे. मूल चालू लागले असेल तरीही.

काही वर्षांपूर्वी अपघातात कण्याला इजा झालेली एक मुलगी माझ्याकडे आली. तिची आई नळी घालणे एका दुपारीत शिकली, मुलगी पुढच्या सुटीत शिकली. अडचण आली शाळेत. चाकाची खुर्ची जाईल असे एकच स्वच्छतागृह होते, ते शिक्षकांचे, आणि त्याला कुलूप. मुलीने घरून ‘आटोपून’ यावे, असे आईला सांगण्यात आले. मी पत्र लिहिले, त्यात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचा उल्लेख केला. उत्तर आले नाही. तेव्हा दवाखाना बंद ठेवून मी स्वतः गेलो आणि मुख्याध्यापकांसमोर, चहा निवेपर्यंत, मूत्राशयाचे चित्र काढून समजावले. त्यांनी शिपायाला बोलावून किल्लीची दुसरी प्रत करून घेतली. मुलगी आता बी.कॉम.ला आहे. तिची सोनोग्राफी मी दर सहा महिन्यांनी मागवितो. दोन्ही मूत्रपिंडे अजून नीट आहेत.